कवडीची जन्मतारीख

रोशन मुनेश्वरची पहिली कमाई चार पायांची होती. आर्णीकडच्या एका गावात टेनिस बॉलचे सामने होते, फायनलला त्याने सहा गडी उडवले, आणि करंडक आणायला गेलेला माणूस करंडकाच्या पैशांसकट बेपत्ता झाल्यामुळे आयोजकांनी त्याच्या हातात एका बोकडाची दोरी दिली. सोबत एक प्रमाणपत्रही दिलं होतं. ते खैरमाळला घरी पोचेपर्यंत बोकडाने खाऊन टाकलं.

त्या दिवसापासून रोशन धंदेवाईक बॉलर झाला. म्हणजे पाहिजे त्या गावाने त्याला भाड्याने न्यावं, जेवू घालावं, दोन-चार नोटा हातावर ठेवाव्यात आणि मोटरसायकलवरून परत आणून सोडावं. दिवस कापसाचे वाईट होते. दिग्रसच्या निम्म्या जिनिंगांना कुलपं लागली होती आणि जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येत होतं, तेही वाईट कारणाने. पण नाव आलं की पुढारी यायचे, आणि पुढारी आले की त्यांच्या नावाचे चषक निघायचे. कापूस कमी पिकला तरी चषकांचं पीक मात्र त्या सालांत असं आलं की विचारू नका. खैरमाळच्या माळावर तर एका बड्या पाहुण्यासाठी हेलिपॅड केलं होतं. पाहुणा वीस मिनिटं थांबला, हात जोडून सुस्कारा टाकून गेला आणि मागे गावाला मुरूम दाबून केलेली टणक, सपाट जागा मिळाली. सरकारने त्या गावाला दिलेली ती एकमेव कामाची गोष्ट. रोशन तिथेच बॉलिंग शिकला. चुन्याच्या पांढऱ्या गोलापासून त्याचा रनअप सुरू व्हायचा.

हात लांब, खांदा सैल, आणि यॉर्कर असा की फलंदाज आधी पाय वाचवायचा, मग दांडी पाहायचा. भोंग्यावरचा माणूस ओरडायचा, "अन् आता बॉलिंगले येऊन राह्यला खैरमाळचा कवडी!" लोक हसायचे. रोशनही हसायचा.

कवडी म्हणजे डागी, किडका, शेवटच्या प्रतीचा कापूस. माणसाचं असं नाव कसं पडतं ते आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच निघाला.

रोशन जन्मला दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्राच्या आवारात. तेव्हा कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा असा कायदा होता, आणि सरकारला कधी कसली घाई नसते. केंद्राच्या फाटकापासून बैलगाड्यांची रांग गावाबाहेर जायची. माणसं चार-चार दिवस गाडीखाली झोपायची, तिथेच तीन दगड मांडून रांधायची. रोशनचा बाप डोमाजी भाड्याने गाडी हाकायचा. गाडी-बैल त्याचे, कापूस गावच्या विठ्ठलराव गावंडे पाटलांचा. भाकरी थापायला म्हणून बायको पंचफुला सोबत गेली. अजून महिना आहे असा तिचा अंदाज होता. पोराचा अंदाज वेगळा होता.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी एकदाची फाटकाच्या आत गेली आणि पंचफुलाला कळा सुरू झाल्या. गाडी रांगेतून काढावी तर पुन्हा चार दिवस. डोमाजीने बायकोकडे पाहिलं, वजनकाट्याकडे पाहिलं आणि तिला उचलून कापसावर ठेवलं. पुढच्या गाडीवर तांड्यातली रुपीबाई होती. तिने चार बायांना लुगडी आडवी धरायला लावली आणि पोरगं सोडवलं. मायलेकरांना खाली उतरवून अर्धा तास झाला नसेल, तेवढ्यात ग्रेडर आला. कापसाची प्रत ठरवणारा हा सरकारी माणूस. त्या आवारात त्याचा रुबाब जावयापेक्षा जास्त. त्याची सवय अशी, की ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि आतला मूठभर कापूस उजेडात धरून पाहायचा. त्याने हात खुपसला. मग बाहेर काढला. मग बराच वेळ तो हाताकडेच पाहत राहिला. अख्खी गाडी कवडीत टाकून तो नळाकडे जो पळाला, तो दुपारपर्यंत हात धूतच होता म्हणतात.

नेमक्या त्याच वेळी विठ्ठलराव एस.टी.तून उतरले. पांढराशुभ्र कापूस पाठवला होता आणि पावतीवर लिहिलं होतं कवडी. विठ्ठलराव दोन वर्षं भांडले. अर्ज केले, चौकशी लावली, हरले. पण पावती त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आणि अठरा वर्षं लग्नाच्या पंगतीत, पानठेल्यावर, तेराव्याच्या जेवणातसुद्धा ती काढून दाखवली. "हे पाहा, या पोट्ट्यानं माह्या कापसाची कवडी केली!" म्हणता म्हणता पोट्ट्याचंच नाव कवडी पडलं. वडिलांच्या नावाच्या चषकासाठी हेच विठ्ठलराव रोशनला दरवर्षी भाड्याने घ्यायचे, ही गोष्ट वेगळी. बॉलर चांगला असला की राग बाजूला ठेवता येतो.

दोन हजार सातचा पोळा झाला आणि यवतमाळला एकोणीस वर्षांखालच्या संघाची निवड चाचणी लागली. रोशनने लेदर बॉल पहिल्यांदा हातात घेतला तो त्या दिवशी. शिवण बोटाखाली आली आणि त्याला वाटलं, अरे, याला तर धरायला जागा आहे! दोन तासांत त्याने चार दांड्या उडवल्या आणि एका डॉक्टरच्या पोराला पॅड घालूनही लंगडायला लावलं. निवड करणारे इंगळे सर खुर्चीवरून उठून नेटच्या मागे येऊन उभे राहिले. नागपूरच्या शिबिरासाठी त्यांनी पहिलं नाव लिहिलं ते रोशनचं. मग त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला मागितला आणि वाचून कपाळावर हात मारला.

"एक जुलै! चाळीस पोट्टे आले, त्यातले तेवीस एक जुलैचे. काहून बे, बाकीच्या तारखेले या जिल्ह्यात बाया बाळंत होत नाही काय?"

होतात. पण गुरुजींना ते सोयीचं नसतं. खैरमाळच्या शाळेत तेव्हा रीत अशी होती, की पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायचा. कान हाती लागला की पोरगं सहा वर्षांचं, लिहा एक जुलै. रोशनचे हात जन्मापासूनच लांब. पाच वर्षांचा असतानाच त्याने कान पकडला आणि वर पिळूनही दाखवला. गुरुजी खूश झाले, पट भरला, आणि पोरगं बसल्या जागी सहा महिन्यांनी म्हातारं झालं.

"सप्टेंबर अठ्ठ्याऐंशीच्या नंतर जन्मलेले पाहिजेत," इंगळे सर म्हणाले. "तू कागदावर त्याच सालच्या जुलैचा. दोन महिन्यानं गेलास तू."

"सर, मी जानेवारी एकोणनव्वदचा हावो. अख्ख्या गावाले माहीत हाये."

"गाव नागपूरले येते काय सांगाले? ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला आन."

तो नव्हता. गावात जन्मला नाही म्हणून गावाने नोंद केली नाही, आणि दिग्रसात घर नाही म्हणून दिग्रसने. सरांनी दाखला घडी करून परत दिला. मग म्हणाले, "शनिवारी नागपूरचे लोक कागद तपासाले येऊन राह्यले. त्या टायमाचा, शिक्का असलेला सरकारी कागद आन. नवीन शपथपत्र नोको, ते कोर्टाबाहेर चहासंगं भेटते. अन् आयक. हे तुह्यं शेवटचं साल हाये. पुढच्या साली तू खराखुराही मोठा होशीन. मंग टेनिस बॉलवाल्या खेड्यातल्या पोट्ट्याले थेट मोठ्या संघात कोनी इचारत नाही. जिंदगीभर बोकडं जिंकत राहाशीन."

घरी येऊन रोशनने हे सांगितलं तेव्हा डोमाजी बोकडाला पाला टाकत होता. "पाटलाची पावती!" तो म्हणाला. "तारीख हाये, शिक्का हाये."

"पावतीवर कापूस हाये, बाबा. मी कुठी हावो?"

"अर्जात हायेस," चुलीपाशी बसलेली पंचफुला म्हणाली. "पाटलानं अर्ज केलता. त्यात समदं लिवलं हाये. चाल."

विठ्ठलराव ओट्यावर सोयाबीनच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या मोजत बसले होते. कापूस त्यांनी निम्म्यावर आणला होता, पण पावतीचा नाद सुटला नव्हता. रोशनने सगळं सांगताच त्यांनी उत्साहाने खिशातून पावती काढली. "घेऊन जा! चार लोकायले दाखव! कसा अन्याव झालता माह्यावर, कळू दे नागपूरले!"

"पावती नोको, काका. अर्ज पाहिजे, तुमी केंद्रावर केलता तो."

विठ्ठलरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अठरा वर्षांत पावती सगळ्या तालुक्याने पाहिली होती, अर्ज कोणीच पाहिला नव्हता, हे रोशनच्या तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं.

"अर्ज? तो वाळवीनं खाल्ला."

"वाळवीनं?" आतून त्यांच्या पत्नी विमलताईंचा आवाज आला. "लोखंडी पेटीत वाळवी कुठून शिरली बाप्पा?"

"तू चूप बैस. हे पाहा कवडी, मी तुले नवीन लिहून देतो. चांगलं लिहून देतो. स्टॅम्प पेपरवर."

"नवीन चालत नाही."

"मंग मी काय करू? जुनं खोडलेलं असते, फाटलेलं असते..."

तोवर पायरीशी उभी असलेली पंचफुला पुढे झाली. तिने पदर खोचला. "पाटील, त्यात काय लिवलं हाये ते मले माहीत हाये," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, भाजीचा भाव विचारावा तसं म्हणाली. मग विमलताई हातात एक पिवळी पडलेली फाईल घेऊन बाहेर आल्या आणि ती त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर टाकली.

"जा तुमीच घेऊन," त्या म्हणाल्या. "लिवतांनी लाज नाही वाटली, आता दाखवतांनी कायले वाटते?"

शनिवारी यवतमाळच्या एस.टी.त चौघं बसले. विठ्ठलराव पुढच्या बाकावर फाईल छातीशी धरून, मागे डोमाजी, पंचफुला आणि रोशन. रोशनने आईला दोनदा विचारलं, काय लिहिलंय अर्जात. ती म्हणाली, "तू बॉलिंगचं पाहा." तिसऱ्यांदा विचारलं तर तिने त्याच्या तोंडात शेंगदाणे कोंबले.

मैदानाच्या बाजूच्या खोलीत टेबलापाशी नागपूरहून आलेले चष्मेवाले गृहस्थ बसले होते. शेजारी इंगळे सर. दारात पोरांची आणि त्यांच्या बापांची गर्दी. गृहस्थांनी अर्ज हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला, उलटा करून पाहिला.

"हे मराठीच आहे ना? कोणाचं अक्षर?"

"माझं," विठ्ठलराव म्हणाले. त्यांनी धोतर नवं नेसलं होतं.

"मग तुम्हीच वाचा. मोठ्यानं वाचा, मी नोंद घेतो."

विठ्ठलरावांनी घसा साफ केला. "मा. केंद्रप्रमुख यांस. अर्जदार विठ्ठल सखाराम गावंडे, राहणार खैरमाळ. अर्ज करतो की, दिनांक एकोणीस जानेवारी एकोणीसशे एकोणनव्वद रोजी सकाळी दहाचे सुमारास माझे मालाचे गाडीवर गाडीवान डोमाजी याची बायको बाळंत होऊन तिला मुलगा झाला..."

"झालं!" इंगळे सरांनी टेबलावर थाप मारली. "तारीख आली, पोरगा आला!"

"पूर्ण वाचू द्या," गृहस्थ म्हणाले. "अर्धा कागद मी मानत नाही. पुढे?"

"पुढं कापसाचंच हाये, साहेब."

"वाचा."

विठ्ठलराव वाचेनात. त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. चष्मा पुसला. पुन्हा कागद धरला आणि टेबलावर ठेवला. दारातली गर्दी कुजबुजायला लागली.

"मी सांगतो," पंचफुला म्हणाली. "मले पाठ हाये."

लिहिता-वाचता न येणारी ती बाई टेबलापाशी आली आणि शाळेतलं पोरगं कविता म्हणतं तशी सरळ उभी राहिली. "'सदरहू बाई हलक्या जातीची असून तिनं जाणूनबुजून माझे मालावर बाळंत होऊन तो विटाळून टाकला. सबब झाले नुकसानीस सदरहू बाई जबाबदार आहे.' चौकशीचा बाबू आलता, त्यानं आमच्या दारात उभं राहून वाचलं व्हतं. समद्या मोहल्ल्यापुढं, दोनदा. हा पोरगा तवा मांडीवर व्हता. मंग बाबूनं माह्या अंगठा घेतला, आयकलं म्हणून."

डोमाजी भिंतीकडे पाहत होता. कवडी, कवडी म्हणून सगळा जिल्हा हसत होता आणि त्या हसण्यात रोशन स्वतःही होता, पैसे घेऊन, हात उंचावून. त्याला वाटलं, समोरचा पाण्याचा तांब्या उचलावा आणि यॉर्कर टाकावा, नेमका त्या नव्या धोतरावर. त्याने आईकडे पाहिलं. ती मात्र तिचं काम संपल्यासारखी पदराने तोंड पुसत होती.

गृहस्थांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. अर्ज परत पाठवताना अधिकाऱ्याने तळाशी लाल शाईत शेरा मारला होता, तो मात्र सुवाच्य होता. त्यांनी हळू आवाजात वाचला. "चौकशी केली. उक्त दिवशी केंद्राचे आवारात बाळंतपण होऊन मुलगा झाला हे खरे आहे. प्रत योग्य दिली आहे. अर्ज निकाली." खाली सही, गोल शिक्का, तारीख.

"याच्यापेक्षा पक्का पुरावा मी वीस वर्षांत पाहिला नाही," ते म्हणाले आणि त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, एकोणीस जानेवारी. "जन्मस्थळ?"

"दिग्रस," डोमाजी म्हणाला. तेवढं एकच तो त्या दिवशी तिथे बोलला.

"नाव गेलं नागपूरला," इंगळे सर रोशनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. रोशनला आनंद झाला, आणि त्या आनंदाचाही राग आला. ज्या कागदाने आईला चार लोकांत खाली पाहायला लावलं, त्याच कागदाच्या दारातून त्याला आत जायचं होतं. दुसरं दार नव्हतंच.

निघताना गृहस्थांनी अर्ज विठ्ठलरावांच्या हातात परत दिला. "हा मूळ कागद सांभाळा. दाखला आणि कागद जुळत नाहीत, तेव्हा प्रत्येक पडताळणीला हाच लागेल. पोरगा वरच्या संघात गेला की तिथले लोक पुन्हा पहिल्यापासून तपासतात. आणि हे अक्षर तुमच्याशिवाय कोणाला लागणार नाही, तुम्हीच येत जा."

बसस्टँडवर विठ्ठलरावांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. कोणी घेतला नाही, तेव्हा चारही पेले त्यांच्यापुढेच निवत राहिले. थोड्या वेळाने ते पंचफुलासमोर येऊन उभे राहिले. पाटील आपल्यासमोर उभा आणि आपण बाकावर बसलेलो, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. ती उठली नाही.

"पंचफुला," ते म्हणाले, "तवा मी रागात व्हतो. कापूस गेलता माह्या. पण ते लिवाचं नव्हतं." त्यांनी अर्ज पुढे केला. "हे घे. झेरॉक्स त्यायनं ठेवली हाये. तुह्या हातानं फाडून टाक."

पंचफुलाने कागद घेतला. घडी उलगडून पाहिली, तिला वाचता येत नसलेल्या ओळींवरून एकदा बोट फिरवलं. मग पुन्हा नीट घडी घालून तिने तो त्यांच्या फाईलमध्ये ठेवला आणि फाईलची नाडी बांधली. गाठ पक्की मारली.

"फाडाचा कायले, पाटील? पोरगं खेळून राह्यलं ना आता. हे साल नागपूर. पुढं बावीस वर्षांच्या आतलेयचं. मंग मोठ्या संघाचं. जेवढं वर जाईन तेवढे टेबल हायेत. दर टेबलावर तुमाले वाचा लागन, अन् तोंडून निंगत नसन तं मी हावोच पाठ म्हणाले." ती उठून बसकडे निघाली आणि वळून म्हणाली, "तब्येत सांभाळा. मुंबई लय लांब हाये."

परतीच्या बसमध्ये विठ्ठलराव डोमाजीच्या शेजारी बसले. दुसरी जागाच नव्हती. मागे पंचफुलाच्या खांद्यावर डोकं टाकून रोशन झोपल्यासारखा पडला होता, पण जागा होता. उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर नसलेल्या चेंडूची शिवण शोधत होती. दारव्हा गेलं, शेतं मागे पडत राहिली. विठ्ठलरावांनी फाईल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली, मागे वळून पाहिलं आणि हळूच विचारलं,

"काय रे डोमाजी, पोट्टा खरंच एवढा फास्ट हाये काय?"

"इंगळे सर म्हणते, अजून खांदा उघडला नाही त्याचा," डोमाजी म्हणाला. "म्हणते, लय वर जाईन."

विठ्ठलरावांनी मान हलवली आणि दिग्रस येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले.